हेकळीखालची खरपुडी

अहो,

तुम्ही गेल्याला सहा आठवडे झाले आणि काल मी तुमच्या वहीतली एक ओळ खोडली. लाल पेनानं. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, पण तुमच्या वहीला हात लावायची हिंमत मला कधी झाली नव्हती. एकदा नुसतं "ऱ्हस्व-दीर्घ बघा जरा" म्हणाले होते, तर "हे शुद्धलेखन नाही, रेकॉर्ड आहे" असं ऐकवलं होतंत. म्हणून आधीच सांगते, ओळ शुद्धलेखनासाठी खोडलेली नाही. ती खोटी होती आणि ती माझ्यामुळे खोटी झाली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. तुमची शिस्त, तुमचं वेळ पाळणं, कंपनीतली चोवीस वर्षं. खरपुडीच्या वेलीचं नाव कुणी काढलं नाही. मी पुढच्या रांगेत बसून वाट बघत होते. म्हणून आता मीच लिहायला घेतलं.

कंपनीनं व्हीआरएस काढली तेव्हा तुम्ही अठ्ठेचाळीसचे होतात. शॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आली होती आणि तुमच्यासारखे चौदा टर्नर एका आठवड्यात कागदावर सह्या करून मोकळे झाले होते. मोकळे हा कंपनीचा शब्द. तुम्ही घरी येऊन डबा नळाखाली धुतलात, पालथा घातलात आणि म्हणालात, "आता ह्याला गंज चढणार." स्टीलला गंज चढत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?

पहिले आठ महिने तुम्ही आमचे डबे भरून दिलेत. माझा शाळेसाठी, प्रज्ञाचा कॉलेजसाठी. ती तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. ज्या यंत्रानं बापाची नोकरी घेतली तेच यंत्र लेक शिकत होती, असं विश्रांतवाडीतल्या आपल्या गल्लीत कुणीतरी बोललंच. तुम्ही पहाटे शिफ्टला जाणारे लोक बाहेर पडायच्या आधीच टेकडीकडे निघायला लागलात. मला वाटलं, तब्येतीसाठी जातायत. पुष्कळ पुढे एकदा तुम्हीच बोललात की सायकलीवर डबे अडकवून जाणाऱ्यांच्या समोर दारात उभं राहायला लाज वाटायची.

त्याच पावसाळ्यात तुम्ही ते फूल बघितलंत. रविवारी मला जबरदस्तीनं वर नेलंत. माझे गुडघे तेव्हा बरे होते, पण कुरकुर करायची सवय होतीच. हेकळीच्या काटेरी झुडपाशी उकिडवे बसलात आणि फांद्या बाजूला करून म्हणालात, "शकू, ह्याचं काम बघ."

मला आधी काही दिसलंच नाही. एक बारीक वेल काट्यांना वेढे घालत वर गेली होती. जाडसर पानं, समोरासमोर जोडीनं. पानांच्या बगलेत दोन-तीन फुलं, बोटाच्या दोन पेरांएवढी. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाच जांभळट पट्ट्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. कंदिलाची काच आणि वरची जाळी, तसंच. तुम्ही खिशातून भिंग काढलंत. "आतून केस आहेत. सगळे खालच्या दिशेनं. माशी आत जाऊ शकते, वर येऊ शकत नाही. असा जॉब कुठल्या लेथवर होणार नाही."

आठ महिन्यांत तुम्ही एका दमात एवढं बोलला नव्हतात.

शेळ्या चारणाऱ्या हौसाबाई तिथंच पलीकडे बसल्या होत्या. तुम्ही त्यांना नाव विचारलंत. त्या म्हणाल्या, "खरपुडी हाय ती. खाली कंद अस्तो. आमी ल्हानपणी लई खाल्ल्यात." तुम्ही विचारलंत, शास्त्रीय नाव काय. त्यांनी तुमच्याकडे दयेनं बघितलं. "नाव घेऊन काय करायचंय? चव बघा."

पण तुम्हाला नाव हवं होतं. ओल्या रुमालात वेलीचा तुकडा गुंडाळून तुम्ही बसनं शहरातल्या कॉलेजात गेलात. ऑफिसातला माणूस रुमालाकडे बघून म्हणाला, "काष्ठौषधीचं दुकान समोरच्या फुटपाथला आहे." तुम्ही तिथून हलला नाहीत. दीड तासानं वनस्पतिशास्त्राच्या बाई तास संपवून आल्या, रुमाल उघडला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठं मिळालं?" मग तुम्हाला आत नेऊन खुर्ची दिली.

त्या दिवशी जेवताना तुम्ही मला लॅटिन नावासकट सगळा धडा दिलात. ही रुईच्या कुळातली. बहुवर्षायू आहे. पावसाळ्यात वेल येते, फुलते, हिवाळ्यात वाळून जाते. मग सात-आठ महिने वर काहीच दिसत नाही. लोकांना वाटतं मेली. पण खाली कंद शाबूत असतो, पाणी आणि पिठूळ साठा धरून बसलेला. "वर दिसत नाही म्हणजे संपली असं नाही," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे व्हीआरएस घेतलीय तिनं," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर मी जीभ चावली. तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिलात आणि मग हसलात. इतके हसलात की प्रज्ञा आतल्या खोलीतून बघायला आली. घरात हसणं परत आलं ते त्या दिवशी. त्यासाठी त्या वेलीची मी तेव्हापासून उपकारबद्ध आहे, हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

पुढची पाच वर्षं तुम्ही टेकडीवर ड्यूटी केलीत. अकरा वेली सापडल्या होत्या. एका जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन तुम्ही अकरा पितळी खुंट्या केल्यात, प्रत्येकीवर आकडा कोरलात आणि प्रत्येक वेलीच्या बुडाशी एकेक रोवलीत. व्हर्नियरनं पानांची लांबी-रुंदी मोजलीत. काहींची पानं गोल होती, काहींची लांबट, गवतासारखी. तुमचं म्हणणं, ह्या दोन वेगळ्या जाती. बाई म्हणायच्या, एकच. दोन वर्षं तुम्ही हट्टानं मापं घेत राहिलात आणि गोल आणि लांबट ह्यांच्या मधले सगळे आकार तुम्हालाच सापडत गेले. एका संध्याकाळी तुम्ही वहीतली आठ पानं तिरप्या रेघेनं खोडलीत आणि खाली लिहिलंत, "बाई बरोबर. माझी चूक." सही केलीत, तारीख घातलीत.

माशीचंही तसंच. चिलटापेक्षा बारीक ती माशी. सकाळी फुलात शिरलेली माशी कधी सुटते, हे बघायला तुम्ही पोत्यावर बसून राहिलात. मी डबा घेऊन वर आले तर मलाच गप्प बसवलंत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आतले केस मलूल झाले, फूल कलंडलं आणि माशी बाहेर आली, पाठीवर पिवळा कण घेऊन. घरी येऊन तुम्ही जाहीर केलंत, "फर्स्ट शिफ्टला आत गेली, दुसऱ्या दिवशीच्या फर्स्ट शिफ्टला सुटली. ओव्हरटाइम केला बिचारीनं."

आणि मग टेकडीच्या खालच्या अंगाला पत्रे लागले.

पत्र्यावर इंग्रजी नाव होतं, पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. खराडीच्या आयटी कंपन्यांतली पोरं तिथं फ्लॅट बुक करत होती. प्रज्ञाला तोपर्यंत तिथंच नोकरी लागली होती. तिच्या टीममधल्या तिघांचं बुकिंग झालं होतं, म्हणून राग तरी कुणावर धरायचा? लोकांना घरं लागतातच. तुमच्या अकराच्या अकरा खुंट्या पत्र्याच्या आत गेल्या.

आपलं भांडण तेव्हा सुरू झालं आणि खरं सांगायचं तर ते अजून संपलेलं नाही.

मी म्हटलं, कंद काढू या, कुंड्यांत लावू या. तुम्ही म्हणालात, नाही. मी म्हटलं, मग वरच्या उतारावर लावू, तिथं बांधकाम होणार नाही. तुम्ही म्हणालात, नाही.

"कंद खोल आहेत. माती इकडची तिकडे झाली तरी त्यातून त्या येतील. नाही आल्या तर नाही."

"आणि नाही आल्या तर आयुष्यभर माझ्यासमोर तोंड पाडून बसाल."

"शकू, रानातली गोष्ट उचलून लावली की ती आपली होते. रानाची राहत नाही."

"तत्त्वज्ञान जेसीबीला सांगा."

"तुझ्या शाळेच्या कुंडीत मनीप्लांट जगत नाही. खरपुडी काय जगवणार तू?"

हे तुम्ही बोललात ते मला लागलं. पण तुमच्या हट्टामागे काय होतं तेही मला कळत होतं. व्हीआरएसनंतर तुम्हाला एका मोठ्या बिल्डिंगीत वॉचमनची नोकरी द्यायला कुणीतरी आलं होतं आणि तुम्ही हात जोडून नाही म्हणाला होतात. तुमचे वडील दीक्षा घेऊन नागपूरहून परतले तेव्हा घरच्यांना म्हणाले होते, आपल्याला कुणी उचलून वर ठेवलेलं नाही, आपण आपल्या पायांनी उठलो. ते वाक्य तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंत. वेलीनंही तसंच उठावं, असं तुम्हाला वाटत होतं. मला ते कळत होतं आणि पटत नव्हतं.

आता ऐका.

तुम्ही चुलतभावाकडच्या लग्नाला मांजरी गावी गेलात तो एप्रिलमधला शनिवार. मी शाळेची परीक्षा म्हणून मागे राहिले. परीक्षा सोमवारी होती. तुमची पाठ वळल्यावर प्रज्ञानं मला स्कूटीवर बसवलं आणि आम्ही टेकडीखाली गेलो. हौसाबाई खुरपं घेऊन थांबल्या होत्या. पत्र्याला एका ठिकाणी फट होती, शेळ्यांनी केलेली, त्यातून आम्ही तिघी आत गेलो. मी चौपन्न वर्षांची, मुख्याध्यापिका, आणि शेळीच्या वाटेनं रांगत गेले.

वर एक काडी दिसत नव्हती. तुमच्या खुंट्या होत्या म्हणून जागा कळल्या. सात ठिकाणी उकरलं. चपट्या कांद्यासारखे कंद निघाले, वरून मातकट, नखानं खरवडलं की पांढरे. एक हौसाबाईंनी तिथंच पदराला पुसून खाल्ला. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "तपासाय नको का, चांगलंय का न्हाई?" उरलेल्या चार ठिकाणी कातळ होता, खुरपं जाईना. ते कंद तसेच राहिले. खड्डे बुजवून सगळ्या खुंट्या जशाच्या तशा उभ्या केल्या. सहा कंद घेऊन वर चढलो, वरच्या मोठ्या हेकळीखाली चार-चार बोटं खोल लावले आणि साळिंदरानं उकरू नयेत म्हणून वर दगड ठेवले.

उतरताना प्रज्ञा म्हणाली, "पप्पांना सांगायचं कधी?"

"उगवल्यावर," मी म्हणाले.

दहा दिवसांनी जेसीबी आला. तुम्ही दिवसभर रस्त्याच्या पलीकडे उभे होतात. घरी आलात, हातपाय धुतलेत, जेवलात, ताट उचललंत. दोन महिने टेकडीचं नाव काढलं नाहीत. मी रोज ठरवायची, आज सांगते. पण कंद उगवलेच नाहीत तर? आधीच एक घाव बसलेला, त्यात मी तुमचं न ऐकता केलेल्या उद्योगाचा दुसरा. म्हणून थांबले.

आषाढात एका सकाळी तुम्ही चिखलानं भरलेल्या चपलांसकट स्वयंपाकघरात आलात. मी कणीक मळत होते. प्रज्ञा टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती.

"आली," तुम्ही म्हणालात. "वरच्या हेकळीखाली. तिथं कधीच नव्हती, पाच वर्षं बघतोय मी. बी उडून गेलं असणार. कुणी हात लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही, आपली आपण आली. आणि तू कुंड्या मांडून बसणार होतीस."

मी प्रज्ञाकडे बघितलं. तिनं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. सांगायची वेळ हीच होती. पण तुमचा चेहरा बघितला. कॉम्प्युटरच्या लेथपुढे, पत्र्यांपुढे, जेसीबीपुढे सारखा हरत आलेला माणूस माझ्यासमोर जिंकून उभा होता. माझे हात कणकेत होते. मी म्हणाले, "हरले बाई मी."

तुम्ही त्या दिवशी शिरा केलात. साखर जास्त पडली होती. मी दोनदा घेतला.

आणि वहीत लिहिलंत, "वरची हेकळ. सहा वेली. स्वतःहून उगवल्या. मानवी हस्तक्षेप नाही."

त्या पावसाळ्यात बाई बघायला आल्या. त्या हेकळीखाली वाकल्या, सहाही वेली बघितल्या. मी शाळेत रोपं लावते तशीच लावली होती, एका रेघेत, हात हात अंतरावर. बाईंनी आधी रेघ बघितली, मग मला बघितलं. "बी फार शिस्तीत पडलंय," त्या म्हणाल्या. तुम्ही लगेच उत्साहानं सांगितलंत की पाणी उतरायची रेघ तीच आहे. बाई "असेल" म्हणाल्या आणि चहा प्यायला खाली आल्या.

पुढे दरवर्षी, शेवटच्या काही वर्षांत तुम्हाला टेकडी चढवेनाशी झाली तरी, तुम्ही मला चिडवलंत. पाहुण्यांसमोर सांगायचात, "हिला वाटतं, सगळं जग हिच्या खुरप्यामुळे चाललंय." मी हसून चहा टाकायला आत जायची. आत जाऊन कधी मनापासून हसले, कधी वाईट वाटलं. लबाडी केली म्हणून नाही. मीही काहीतरी करून दाखवलं होतं आणि ते तुम्हालाच सांगता येत नव्हतं म्हणून.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. कॉलेज टेकडीवरच्या वनस्पतींची यादी करतंय, त्यात तुमच्या वह्या घ्यायच्यात. तीन दिवस मी काहीच कळवलं नाही. गप्प बसले असते तर तुमचं वाक्य छापून आलं असतं आणि कुणालाही काही कळलं नसतं. मी प्रज्ञाला म्हणाले, राहू दे तसंच, त्यांचा तेवढा एक विजय. ती म्हणाली, "आई, वेलीच्या मापांची आठ पानं त्यांनी स्वतः खोडली होती. त्यांना चुकीचं रेकॉर्ड चालेल का?"

नाही चालणार. काल सकाळी मी लाल पेन घेतलं. "स्वतःहून" खोडलं, "मानवी हस्तक्षेप नाही" खोडलं, समासात सगळी हकीकत लिहिली, सही केली, तारीख घातली. आणि वही घेऊन प्रज्ञाबरोबर कॉलेजात गेले.

बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. रानात रेघ मारून काही उगवत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का बोलला नाहीत?"

मग त्यांनी फॉर्म काढला. नोंदी करणाऱ्याचं नाव लिहिलं, यशवंत साळवे. पदवीच्या रकान्याशी थांबल्या. मी म्हणाले, टर्नर लिहा. त्यांनी ते लिहिलं. खाली पुनर्लागवड, शकुंतला साळवे. आपली दोन नावं लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच एका कागदावर अशी आली असतील. मग बाई म्हणाल्या, "चला, वर जाऊन येऊ. किती उरल्यात ते तरी लिहायला हवं."

अहो, उरल्यात नव्हे. माझ्या रेघेतल्या सहाच्या सहा आहेत. पण रेघेच्या बाहेर, हेकळीच्या पलीकडे, कातळाच्या खाचेत, करवंदीच्या जाळीत, सगळीकडे वेली आहेत. पिवळ्या पडायला लागल्यात, पण आहेत. प्रज्ञानं एकतीस मोजल्या. प्रत्येक वेलीशी बाई मला विचारत होत्या, "ही तुमची?" आणि मी म्हणत होते, "माझी नाही." इतक्या आनंदानं मी आयुष्यात कशालाही 'नाही' म्हटलं नसेल.

आणि खाली, सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीला लागून, जेसीबीनं तेव्हा माती लोटून ढीग केला होता ना, त्यावर आता घाणेरी माजलीय. त्या घाणेरीत एक जाड वेल आहे. बाईंनी बुडाशी बोटानं माती बाजूला केली. कंद माझ्या मुठीपेक्षा मोठा. एका बाजूला जुना खरचटल्याचा व्रण, वरून साल धरलेली. "हा बीपासून आलेला नाही, एवढ्यात इतका वाढत नाही," बाई म्हणाल्या. "हा मातीबरोबर इथं लोटला गेलाय आणि इथूनच उठलाय. साळवे बरोबर होते."

मी तिथंच, त्या ढिगावर बसले. तुमचं म्हणणं खरं होतं. कातळातल्या त्या चारांपैकी निदान एक तरी लोटला गेला, खरचटला आणि आपला आपण वर आला. माझंही खरं होतं. आपण दोघंही जिंकलो आणि हे सांगायला मी सहा आठवडे उशिरा आले. प्रज्ञानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडत होते, पण वाईट वाटून नाही.

तेवढ्यात वारा सुटला. वेलींना जोडीजोडीनं बारीक शेंगा धरल्यात, शिंगांसारख्या. उन्हानं त्या तडकल्या होत्या आणि आत चपट्या बिया दाटीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला रेशमाचा झुबका. वाऱ्यानं त्या एकेक करून उचलल्या. काही टेकडीकडे गेल्या, काही भिंतीवरून सोसायटीत, आठव्या-नवव्या मजल्यांच्या गॅलऱ्यांकडे. आतला वॉचमन भिंतीवरून डोकावला. "मॅडम, काय चाललंय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांचं चाललंय."

माझी पर्स उघडी होती, पेन, रुमाल, प्लास्टिकची पिशवी, सगळं होतं. चार बिया सहज धरता आल्या असत्या. हात पुढे झालाही होता. मग मी तो मागे घेतला, पर्सची चेन लावली आणि शेवटची बी दिसेनाशी होईपर्यंत नुसती बघत उभी राहिले.